चार नंबरचा पिस्टन: हलक्या गाडीला टर्बो बसवल्याचं एक प्रकरण

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक पिस्टन आहे. ७८ मिलिमीटर व्यासाचा, ॲल्युमिनियमचा, वरून पाहिला तर धडधाकट. आडवा धरला की पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या खाचांमधली पट्टी बोटभर लांबीत उडालेली दिसते. मित्राच्या गाडीतल्या चौथ्या सिलिंडरचा हा पिस्टन. त्याच इंजिनातले बाकीचे तीन शाबूत निघाले. हवा तीच, पेट्रोल तेच, ॲक्सिलरेटरवरचा पायही तोच. मग चौघांतला एकच का गेला? हे शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि उत्तराचा मोठा धागा आमच्यापैकी कोणाला नाही, तर आठ हजार मैलांवर कोल्हापुरात बसलेल्या त्याच्या वडिलांना सापडला.

गाडी आणि गाडीवाले

गाडी १९९२ ची माझदा एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा म्हणून ओळखली जाणारी. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन माणसं, कापडी छप्पर, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद. वजन हजार किलोच्या आत, म्हणजे आजच्या स्विफ्टएवढंच. इंजिन १५९७ सीसीचं, ११६ अश्वशक्तीचं. आकडा ऐकून कोणी भारावून जात नाही, पण गाडी चालवल्यावर माणसं हसत उतरतात. घोडा आणि स्वार एक व्हावेत अशा अर्थाचा 'जिन्बा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग माझदाने या गाडीसाठी वापरला, आणि तो नुसत्या जाहिरातीपुरता राहिला नाही, हे मान्य करावं लागतं.

मित्र मूळचा कोल्हापूरचा. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे त्याचं बालपण बोरिंग मशीनच्या आवाजात गेलं. मी पुण्याचा. मिशिगनमध्ये आम्ही एकाच ऑफिसात भेटलो. दोघांचाही व्यवसाय इंजिनांच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे जुळवण्याचा, पण दोघेही डिझेलवाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा निम्मा घोटाळा तिच्यातूनच झाला.

एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा म्हणजे टर्बो. डिझेलवाल्याला तो घरचा माणूस वाटतो. डिझेलमध्ये जादा हवा कधी नुकसान करत नाही. इंधन तेवढंच ठेवून हवा वाढवली, तर धूर कमी होतो आणि एक्झॉस्ट थंड पडतो. पेट्रोलचं उलटं आहे. तिथे हवा आणि इंधन आधीच मिसळून दाबलं जातं. ठिणगीने पेटवण्याआधी किंवा ज्योत पोचण्याआधी कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकलं, की पिस्टनवर हातोडा पडतो. आपले मेकॅनिक त्याला 'इंजिन ठोकतंय' म्हणतात. पुस्तकात हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. हाताला मात्र माहीत नव्हतं.

मित्राने मियाटाला टर्बो लावायचं काढलं, तेव्हा मी सुरुवातीला विरोध केला होता. म्हटलं, जास्त ताकद हवी तर १९९४ नंतरच्या मियाटाचं १.८ लिटरचं इंजिन टाक, विषय संपला. त्यावर तो म्हणाला, "भावा, इंजिन बदलणं म्हणजे दुसऱ्याचा सदरा घालणं. टर्बो म्हणजे आपल्याच सदऱ्याला अस्तर." उपमा मला पटली नाही, पण पुढचे चार शनिवार मी त्याच्या गॅरेजात होतो.

बसवणी

टर्बोचा संच जुना, कोणाच्या तरी गाडीवरून उतरवलेला, ९०० डॉलरला मिळाला. बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, छोटा टर्बो, दाबून तापलेली हवा थंड करणारा, पुढे लावायचा इंटरकूलर, पाइप, आणि पेट्रोलचा दाब वाढवणारा एक रेग्युलेटर. या रेग्युलेटरचं काम लक्षात घ्यायला हवं. पेट्रोल फवारणारे मूळ इंजेक्टर प्रत्येकी मिनिटाला जेमतेम २०५ सीसी पेट्रोल देतात. बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, आला की तेवढं पुरत नाही. मग इंजेक्टर न बदलता, त्यांच्यामागचा दाब वाढवून जास्त पेट्रोल ढकलायचं, अशी ही युक्ती. ऐंशी-नव्वदच्या दशकात ती सर्रास चालायची, कारण तेव्हा मूळ कॉम्प्युटरला हात लावणं सोपं नव्हतं.

बसवणीत अवघड असं काही निघालं नाही. सर्वांत धाकधूक झाली ती ऑइल परतीच्या पाइपाची. टर्बोतून निघालेलं ऑइल दाबाशिवाय, नुसत्या उताराने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, यावं लागतं, म्हणून चेंबरला भोक पाडून आटे पाडावे लागतात. इंजिन गाडीतच असताना हे करायचं तर ड्रिलला आणि टॅपला ग्रीस थापायचं, म्हणजे कीस आत न पडता ग्रीसला चिकटतो. मित्राने हे इतक्या सफाईने केलं की उद्यमनगराचं पाणी दिसलं. नंतर दोन लिटर स्वस्त ऑइल चेंबरमधून धुऊन काढलं, त्यात चुंबक फिरवला. एकच बारीक कण निघाला.

एक्झॉस्ट डाव्या बाजूला आहे आणि अमेरिकेतल्या गाडीत स्टिअरिंगचा दांडाही तिकडूनच खाली जातो. टर्बो, त्याचा पाइप आणि दांडा यांत दोन बोटांचं अंतर उरलं. तिथे उष्णता अडवणारा पत्रा लावला.  

गाडी डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या रोलरवर, नेली. टर्बोआधी मागच्या चाकांवर ९७ अश्वशक्ती मिळाली होती. आता अर्धा बार बूस्टवर १४३. सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या सेन्सरने हवा आणि पेट्रोलचं मिश्रण १२ ला १ च्या आसपास दाखवलं. म्हणजे सुरक्षित. आम्ही दोघांनी आलेखाचे फोटो काढले आणि घरी येऊन मिसळ केली.

तिसरी फेरी

लेक मिशिगनच्या काठी साउथ हेवन गावाजवळ जिंजरमन नावाचा ट्रॅक आहे. ऑगस्टचा शनिवार, बाहेर ३२ अंश. वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या होत्या. पहिल्या दोन उत्तम गेल्या. तिसऱ्या फेरीच्या शेवटी मी भिंतीशी उभा होतो. लांब सरळीवर गाडीच्या मागे निळ्या धुराची शेपटी दिसली. पिटमध्ये येऊन बोनेट उघडलं, तर ऑइलची डिपस्टिक बाहेर उडालेली आणि बोनेटच्या आतल्या बाजूला ऑइलचा सडा. इंजिन चालू होतं, पण तीन पायांवर चालणाऱ्या कुत्र्यासारखं.

जागेवरच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजलं. पहिल्या तिघांत १२.५ बारच्या आसपास. चौथ्यात ५. ऑइल भरायच्या झाकणाला कान लावला की आतली फुसफुस ऐकू येत होती, म्हणजे हवा रिंगांवरून खाली चालली होती. चौथ्याचा प्लग काढला. पांढऱ्या चिनीमातीवर करड्या रंगाचे चमकणारे बारीक ठिपके. पिस्टनचं ॲल्युमिनियम उडून तिथे बसलेलं. प्लग वाचणाऱ्याला याहून स्पष्ट अक्षर लागत नाही. गाडी ट्रेलरवर परत आली.

तपास

इंजिन उतरवून, हेड काढून, तुटका पिस्टन हातात येईपर्यंत आठवडा गेला. ठोकण्याने पट्टी तुटली यात शंका नव्हती. प्रश्न दोन होते: डायनोवर न ठोकणारं इंजिन ट्रॅकवर का ठोकलं, आणि चौथंच का?

आम्ही डिझेलवाल्यांच्या सवयीने आधी इंधनाच्या मागे लागलो. चौथ्याचा इंजेक्टर चोंदला असेल, अशी पहिली शंका. चारही इंजेक्टर काढून मोजपात्रांवर चालवले. एकमेकांशी दोन टक्क्यांच्या आत जुळले. शंका बाद.

मग हिशेब मांडला. चाकांवर १४३ म्हणजे इंजिनवर साधारण १७०. एवढ्या ताकदीला, मिश्रण जरा गडद, म्हणजे पेट्रोल जास्त, धरून, मिनिटाला सुमारे ९५० सीसी पेट्रोल लागतं. मूळ दाबावर चारही इंजेक्टर पंच्याऐंशी टक्के वेळ उघडे ठेवले तरी ७०० सीसी मिळतं, म्हणजे जेमतेम १२५ अश्वशक्तीपुरतं. उरलेलं दाबाने काढायचं. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: दाब दुप्पट केला तर पेट्रोल चाळीस टक्क्यांनीच वाढतं. ३ बारचा दाब ५.५ वर नेल्यावर कुठे हिशेब बसतो. आता हा दाब देणार कोण? तीस वर्षांचा मूळ पंप. तो गॅरेजात काढून, रेग्युलेटर लावून, मोजपट्टीच्या कॅनमध्ये मिनिटभर चालवला. ३ बारवर १.७ लिटर. ५.५ बारवर ९०० सीसी, तेही थंड असताना. गरज ९५० ची, मिळतात ९००.

डायनोवरची एक झेप दहा-बारा सेकंदांची असते. तेवढ्यात काही उघडं पडत नाही. ट्रॅकवर वीस मिनिटं पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत आणि परत टाकीत फिरत राहतं, गरम होत जातं, पंपही तापतो, आणि दर फेरीला मिश्रण थोडं थोडं पातळ होत जातं. आम्ही गाडीत मिश्रण दाखवणारा मीटर लावलाच नव्हता. डायनोवर तर पाहिलं होतं ना! डिझेलमध्ये पातळ मिश्रण म्हणजे थंडावा. पेट्रोलमध्ये बूस्टखाली पातळ मिश्रण म्हणजे निखारा.

मूळ कॉम्प्युटर यात काही मदत करू शकत नव्हता. या गाडीत हवा मोजायला स्प्रिंगवर टांगलेलं एक छोटं दार आहे. हवेचा झोत त्याला ढकलतो, ते जितकं उघडेल तितकी हवा आली असं कॉम्प्युटर समजतो. टर्बोने ते दार पूर्ण उघडलं की त्यापुढची हवा कॉम्प्युटरच्या लेखी आलीच नाही. शिवाय १.६ लिटरच्या या मॉडेलला नॉक सेन्सर नाही. इंजिन ठोकत असेल तर ते ऐकायला कोणी नव्हतं, आणि ट्रॅकवरच्या आवाजात हेल्मेट घातलेल्या माणसाला ते ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पंप. तसा रिपोर्टही मनात लिहून झाला होता.

रविवारी मित्राने व्हिडिओ कॉलवर वडिलांना पिस्टन दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन जवळ घेतला आणि विचारलं, "टायमिंग किती हाय?"

"अण्णा, कॉम्प्युटर बघतो ते."

"कॉम्प्युटर बघतो, पण त्याला दाखवतंय कोण?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. या इंजिनात कॅमच्या मागच्या टोकाला एक सेन्सर असतो. तो हाताने फिरवून मूळ टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडायची ते, ठरवता येतं, अगदी जुन्या डिस्ट्रिब्युटरसारखं. माझदाचा आकडा १० अंश. तो १४ वर नेला की गाडी खालच्या वेगात जरा टणक वाटते, म्हणून मियाटावाले हे हमखास करतात. फुकटची करामत. टर्बो नसताना महागडं पेट्रोल घातलं की निभावून जातं.

सुदैवाने इंजिन काढताना आम्ही सेन्सरची जागा पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवली होती. पुढे इंजिन जोडल्यावर, निदान-पेटीतले दोन टर्मिनल तारेने जोडून (ते न जोडता मोजलं तर आकडा भटकत राहतो) टायमिंग लाइट धरला. १४ अंश. आधीच्या मालकाने केव्हातरी फिरवलेलं, आणि आम्ही कधी पाहिलेलंच नाही.

पेट्रोल टर्बोत ढोबळ नियम असा आहे, की दर पीएसआय बूस्टमागे टायमिंग एखादा अंश मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडावी. अर्धा बार म्हणजे सात पीएसआय. आमच्या संचात टायमिंग मागे ओढणारी काहीच सोय नव्हती. म्हणजे जे सात अंश मागे असायला हवं होतं, ते चार अंश पुढे होतं. तफावत अकरा अंशांची. पंप निर्दोष नाही, पण माझ्या मते मोठा गुन्हेगार हाच. काकांना हे एका प्रश्नात कळलं, कारण त्यांच्या काळी कोणतंही तुटलेलं इंजिन आलं की पहिला प्रश्न तोच असायचा. आम्ही मात्र टायमिंग ही कॉम्प्युटरच्या नकाशातली, म्हणजे पेट्रोल किती आणि ठिणगी कधी हे सांगणाऱ्या कोष्टकातली, गोष्ट मानणाऱ्या पिढीतले.

आता चौथं. याचं उत्तर गाडीच्या वंशावळीत आहे. हे इंजिन मूळचं माझदा ३२३ या पुढच्या चाकांच्या गाडीच्या घराण्यातलं. तिथे ते आडवं बसतं. पाण्याचा पंप एका टोकाला, आणि गरम पाणी बाहेर पडायची वाट दुसऱ्या टोकाला. त्यामुळे पाणी चारही सिलिंडरांना भेटून जातं. मियाटात इंजिन उभं बसवलं, मागचं टोक केबिनच्या पत्र्याला भिडलं, म्हणून पाण्याची बाहेरची वाट पुढे, पंपाच्याच बाजूला आणली. परिणाम असा, की पुढच्या सिलिंडरांजवळून पाणी लवकर बाहेर पळतं आणि मागे चौथ्याच्या वाट्याला कमी फिरतं. ११६ अश्वशक्तीला याचं काही बिघडत नाही. लाखो गाड्या वर्षानुवर्षं धावल्या. पण ताकद दीडपट केली की गावाच्या शेवटच्या नळाला पाणी न पोचण्यासारखी गत होते. आणि डॅशबोर्डवर काटा मात्र शांत.

गंमत म्हणजे त्याच ३२३ ची जीटीएक्स ही टर्बो आवृत्ती माझदाने स्वतः बनवली होती. तिच्यात कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, ७.९ ला १ होतं. मियाटात ते ९.४ आहे. म्हणजे कारखान्यालाही टर्बो लावताना आधी कॉम्प्रेशन खाली आणावं लागलं होतं. हे आम्ही आधी वाचलं असतं, तर निदान टायमिंगला तरी हात लावला असता.

दुसरी बांधणी

ब्लॉक अर्धा मिलिमीटर बोअर केला, फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, पिस्टन घातले, कॉम्प्रेशन ९ च्या खाली आणलं. खरं सांगायचं तर एवढ्या बूस्टला साधे पिस्टनही चालले असते. फोर्ज्ड पिस्टन चुका माफ करतो, चुका टाळत नाही. पण एकदा हात पोळल्यावर मित्राला समजावण्यात अर्थ नव्हता.

खरं काम तीन ठिकाणी झालं. पाण्याची वाट हेडच्या मागून काढली, म्हणजे ३२३ मध्ये होती तशी. पंप नवा, इंजेक्टर ४४० सीसीचे, दाब वाढवणारा रेग्युलेटर भंगारात. आणि मूळ कॉम्प्युटरच्या जागी स्वतंत्र कॉम्प्युटर, ज्याला हवेचं दार लागत नाही. तो इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान पाहून हिशेब करतो.

हे तापमान किती महत्त्वाचं, ते आकड्यांत बघा. २५ अंशांची हवा अर्धा बारपर्यंत दाबली, तर या छोट्या टर्बोतून ती साधारण ७८ अंशांची होऊन निघते. गरम हवा विरळ, त्यामुळे दाब पन्नास टक्क्यांनी वाढूनही हवेचं वस्तुमान सत्तावीस टक्केच वाढतं. इंटरकूलरने ती ४० अंशांच्या आसपास आणली की तीच वाढ चाळीस टक्क्यांवर जाते. पण त्याहून महत्त्वाचं, ठोकण्याची भीती कमी होते. म्हणून नव्या नकाशात आम्ही एक ओळ घातली: आत येणारी हवा ५० अंशांच्या वर गेली की टायमिंग आपोआप मागे. तिसऱ्या फेरीची ओळ म्हणतो तिला.

नकाशा रस्त्यावर बसवला. ब्लॉकला एक छोटा मायक्रोफोन, त्याची तार हेडफोनला, आणि मी बाजूच्या सीटवर डॉक्टरासारखा कान लावून. ठोकण्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही: कढईत मोहरी तडतडावी तसा, पण धातूचा. बूस्टखाली वरच्या वेगात १८ अंशांवर थांबलो. २० वर दोन तडतडी ऐकू आल्या होत्या. चाकांवर १५२ मिळाले. पहिल्यापेक्षा नऊच जास्त, खर्च मात्र ३,८०० डॉलर जास्त. बेरीज बायकोसमोर करू नये अशी आहे.

तुलनेला, माझदाने २००४ मध्ये स्वतः माझदास्पीड मियाटा काढली तेव्हा १.८ च्या इंजिनाला टर्बो, इंटरकूलर लावून कारखान्याचा आकडा १७८ ठेवला. साध्या १.८ पेक्षा ३६ च जास्त. तेव्हा मोटार-मासिकं पुटपुटली होती, एवढंच का? मला आता ते फार शहाणपणाचं वाटतं.

कायद्याचंही सांगतो. मिशिगनमध्ये गाडीची धूर तपासणी नाही म्हणून हे जमलं. कॅलिफोर्नियात मान्यता नसलेला संच चालला नसता. आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा हे वाचून कोणी उत्साहात पाना उचलू नये.

चालवायला कशी आहे? माझं मत विचाराल तर गाडी जलद झाली आणि किंचित कमी बोलकी झाली. पूर्वी वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवर पाय जरा हलवला की मागचं टोक लगेच उत्तर द्यायचं. आता आधी अर्धा श्वास थांबतं आणि मग एकदम दोन वाक्यं बोलतं. ३,५०० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. हजार किलोच्या आतल्या गाडीत एवढी ताकद रस्त्यावर कमी पडत नाही. ती जास्तच पडते. मित्राला हे मान्य नाही. तो म्हणतो, मी पुण्याचा असल्यामुळे मला आधी थोडं कमी बोललेलं सहन होत नाही.

यंदा जिंजरमनला गाडी दोन वेळा गेली. आठ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीनंतर तो चौथ्याचा प्लग काढून मला फोटो पाठवतो. प्लग फिक्या बदामी रंगाचे येतात. काकांनाही पाठवतो, त्यांचं उत्तर अंगठ्याच्या खुणेपलीकडे जात नाही.

मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल अजून मूळचं, सहा इंची गिअरचं आहे. १९९४ पासून माझदाने ते सात इंची केलं, यातच काय ते आलं. बदलायचं तर डिफरन्शियल, दोन्ही बाजूचे शाफ्ट आणि मधला प्रोपेलर शाफ्ट, असा सगळा संसार बदलावा लागतो. तोवर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय द्यायचा नाही, असं आमचं ठरलंय. परवा त्याच्या बाजूला बसलो होतो, सिग्नल हिरवा झाला, आणि ठरलेलं दोन सेकंद टिकलं.